शाळा बंद, वर्ग चालू: साथीच्या काळातलं दूरशिक्षण आणि किशोरवयीन मुलांचं मन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न पालकांनी, शिक्षकांनी आणि खुद्द मुलांनी विचारलेले आहेत. बहुतेक कोविडच्या साथीत आले आणि काही अजूनही येतात, कारण मुलं वर्गात परतली तरी घरात काढलेली ती वर्षं त्यांच्यासोबत आली आहेत. जिथे प्रश्न मुलांचा आहे तिथे उत्तरही त्यांनाच दिलं आहे. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाईत असाल आणि मुलाच्या जिवाची काळजी वाटत असेल, तर आधी प्रश्न ९ वाचा.

१. दूरशिक्षण म्हणजे ऑनलाइन वर्गच ना?

नाही. शिक्षक आणि विद्यार्थी एका खोलीत नसताना जे शिकणं-शिकवणं होतं ते सगळं दूरशिक्षण. मोबाईलवरचा थेट वर्ग हा त्याचा एक प्रकार. रेकॉर्ड केलेले धडे, टीव्ही, रेडिओ, घरी पोचवलेल्या कार्यपत्रिका आणि फोनवरून सोडवलेली शंका हेही त्यातच येतं. सप्टेंबर १९३७ मध्ये पोलिओच्या साथीमुळे शिकागोतल्या शाळा वेळेवर उघडल्या नाहीत, तेव्हा तिथल्या सुमारे ३ लाख १५ हजार मुलांना रेडिओवरून धडे दिले गेले. वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून यायचं आणि शंका विचारायला फोनवर शिक्षक असायचे. इबोलाच्या साथीत सिएरा लिओनमधल्या शाळा जवळपास नऊ महिने बंद होत्या, तिथेही रेडिओनेच हात दिला. म्हणून इंटरनेट नाही तर शिक्षण थांबलं, असं कुठल्याही मुलाला सांगू नका.

२. अभ्यास घरून चालू आहे, घरात सगळं आहे, मग मुलं एवढी का कोमेजतात?

कारण या वयात शाळा म्हणजे फक्त अभ्यास नसतो. दहा-बारा वर्षांनंतर मूल आई-वडिलांपासून थोडं सुटून स्वतःच्या वयाच्या माणसांत स्वतःला शोधू लागतं. आपण कसे दिसतो, कोणाला आवडतो, कशात बरे आहोत, हे त्याला मित्रांच्या डोळ्यांत वाचायचं असतं. ते वाचन मधल्या सुट्टीत, जिन्यात, वर्ग सुटल्यावर रेंगाळताना होतं. दूरशिक्षणाने तास वाचवले, पण तासांच्या मधल्या या जागा पुसून टाकल्या. ज्या वयात घरापासून दूर जायला शिकायचं, त्याच वयात मुलांना चोवीस तास घरात बसावं लागलं.

हे दुःख थोडक्या मुलांच्या वाट्याला आलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महामारी म्हटलं आणि काही आठवड्यांतच १९० हून अधिक देशांमधल्या जवळपास दीडशे कोटी विद्यार्थ्यांच्या शाळा बंद झाल्या. २०२१ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या २९ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करण्यात आली. त्यात ऐंशी हजारांहून अधिक मुलं-मुली होत्या. दर चौघांपैकी एकात नैराश्याची आणि दर पाचांपैकी एकात चिंतेची ठळक लक्षणं दिसली. साथीच्या आधीच्या अंदाजांच्या तुलनेत हे प्रमाण साधारण दुप्पट होतं. मुलींमध्ये आणि वयाने मोठ्या मुलांमध्ये ते जास्त होतं. लक्षणं दिसणं म्हणजे आजाराचं निदान नव्हे, हे मात्र हा आकडा वाचताना ध्यानात ठेवा.

३. दिवसाला स्क्रीनसमोर किती तास चालतील?

सर्वांना लागू पडेल असा आकडा मी देणार नाही, कारण शाळाच स्क्रीनवर आल्यावर तो पाळता येत नाही आणि घरात रोज भांडण मात्र होतं. तासांपेक्षा हे विचारा: स्क्रीनने दिवसातून काय हिसकावून घेतलं? झोप, हालचाल, घरच्यांशी बोलणं आणि उजेडात घालवलेला वेळ, या चार गोष्टी जागेवर असतील तर उरलेल्या तासांची फार धास्ती नको. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो तास दोन-तीन तुकड्यांत झाला तरी चालतो.

डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० सेकंद, साधारण २० फुटांवरच्या वस्तूकडे बघायचं. मोबाईलपेक्षा मोठा पडदा बरा आणि तो हातभर अंतरावर हवा. जवळची नजर सतत वापरल्याने आणि बाहेरचा उजेड कमी मिळाल्याने लघुदृष्टी (दूरचं धूसर दिसणं) वाढायला मदत होते, त्यामुळे गच्चीत किंवा अंगणात काढलेली पंधरा मिनिटंही वाया जात नाहीत.

४. मी दिवसभर नुसती बसून ऐकते, तरी संध्याकाळपर्यंत इतकी का थकते? घरचे म्हणतात मी आळशी झालेय.

तू आळशी झालेली नाहीस. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये या थकव्याची चार कारणं मांडली. पडद्यावरचे सगळे चेहरे अगदी जवळून सतत तुझ्याकडेच बघताहेत असं मेंदूला वाटत राहतं. स्वतःचा चेहरा तासन् तास समोर असतो, म्हणजे दिवसभर आरशापुढे बसल्यासारखं. चौकटीत राहायचं म्हणून हलता येत नाही. आणि वर्गात एका नजरेत कळणारे इशारे इथे मुद्दाम शोधावे लागतात, स्वतःचेही मुद्दाम द्यावे लागतात.

यातल्या दोन गोष्टी तुझ्या हातात आहेत. स्वतःचा चेहरा दाखवणारी चौकट लपवण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते, ती वापर. आणि दोन तासिकांच्या मधे मोबाईलवर दुसरं काही उघडू नकोस. उठ, पाणी पी, खिडकीपाशी जा. हे उत्तर घरच्यांनाही वाचायला दे.

५. मुलगा रात्री दोन-दोनपर्यंत जागतो आणि सकाळच्या वर्गाला उठत नाही. शिस्त लावायची कशी?

थोडा दोष त्याचा, थोडा वयाचा. पौगंडावस्थेत झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढू लागतं आणि शरीराचं घड्याळ दोन तासांपर्यंत पुढे सरकू शकतं. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. अकराला डोळा लागला तर सातला उठणं म्हणजे जेमतेम किमान. स्वित्झर्लंडमध्ये शाळा बंद असताना मोठ्या वर्गांतली मुलं शाळेच्या दिवशी सरासरी ७५ मिनिटं जास्त झोपली. म्हणजे उशिरा सुरू होणारी सकाळ मुलांना मानवते, हेही या काळाने दाखवलं.

मात्र दोनला झोपून साडेसातला ओढत उठणं हे वेगळं. इथे झोपण्याच्या वेळेवरून भांडण्यापेक्षा उठण्याची वेळ धरून ठेवा, सुट्टीच्या दिवशीही तासाभरापेक्षा जास्त ढील नको. उठल्याबरोबर उजेडात यायचं. रात्री चार्जर खोलीबाहेर, आणि हा नियम घरातल्या मोठ्यांनाही लागू. नाहीतर तो टिकत नाही, हे मी अनेक घरांत पाहिलंय. पलंगावर बसून वर्ग करू देऊ नका. शरीराला पलंग म्हणजे झोप एवढंच कळायला हवं. जागरण पंधरा दिवसांहून लांबलं आणि सोबत उदासी असेल तर प्रश्न ८ पाहा.

६. (शिक्षकांचा प्रश्न) कॅमेरा चालू ठेवणं सक्तीचं करावं का? काळ्या चौकटींशी बोलून आम्हीच खचतो.

तुमचं खचणं खरं आहे. मीही रिकाम्या चौकटींशी बोललो आहे आणि तास संपल्यावर आपला आवाज कुठे पोचला का, या विचाराने बसून राहिलो आहे. तरीही सक्ती नको. कॅमेरा बंद ठेवणाऱ्या मुलामागे एक खोली असते: ती एकच असेल, त्यात आजारी माणूस झोपलेला असेल, मागे भांडण चालू असेल. शिवाय या वयात आपला चेहरा नकोसा वाटणं अगदी सामान्य आहे. नोकरदारांवर झालेल्या २०२१ मधल्या एका अभ्यासात कॅमेरा चालू ठेवणाऱ्यांना जास्त थकवा आल्याचं दिसलं, आणि स्त्रियांना व नवख्यांना तो अधिक जाणवला. किशोरांची स्थिती त्याहून सोपी असेल असं मानायला मला कारण दिसत नाही.

सहभागाचे दुसरे मार्ग ठेवा. पहिल्या पाच मिनिटांत फक्त हाक मारायची आणि चॅटमध्ये एका शब्दात उत्तर घ्यायचं. चार-चार मुलांचे गट पाडा. तिथे कॅमेरे आपोआप सुरू होतात. आणि सलग तीन दिवस ज्याचा आवाजही नाही आणि अक्षरही नाही, त्याला त्याच संध्याकाळी फोन करा. कॅमेऱ्याने जे कळलं नसतं ते त्या फोनवर कळतं.

७. घरात एकच फोन आहे आणि शिकणारी भावंडं दोन. काय करू?

शाळेला हे स्पष्ट सांगा, लाजू नका. युनिसेफच्या ऑगस्ट २०२० च्या अंदाजानुसार शाळा बंद असताना जगातल्या किमान ४६ कोटी ३० लाख मुलांपर्यंत दूरशिक्षण पोचूच शकत नव्हतं. शाळेला कळलं तर रेकॉर्डिंग, छापील कार्यपत्रिका किंवा फोनवर ठरलेली वेळ मागता येते. थेट वर्गाला हजेरी हाच उपस्थितीचा एकमेव पुरावा धरू नये, अशी मागणी पालकांनी मिळून करावी.

घरात वाटणी करताना मोठ्याचाच अभ्यास महत्त्वाचा किंवा मुलाचाच आधी असं होऊ देऊ नका. मुलीच्या वाट्याला फोन कमी आणि घरकाम जास्त आलं तर ती गप्प राहून शाळेतून गळते, आणि ती गळती परत भरून काढणं फार कठीण जातं.

८. चिडचिड, खोलीचं दार बंद, तुटक उत्तरं. हे वयामुळे आहे की खरंच काही बिनसलंय, कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. दार लावून घेणं, आई-वडिलांच्या बोलण्यावर डोळे फिरवणं, मित्रांशी तासभर बोलून घरच्यांना एका शब्दात उत्तर देणं, हे वयाचं आहे. तुमच्याशी तुटक असलेलं मूल मित्राशी हसत असेल, आवडीच्या गोष्टीत रमत असेल, तर थोडं सबुरीने घ्या.

काळजी करायची ती बदलाची. जे मूल जसं होतं तसं ते राहिलं नाही, आणि हा बदल दोन आठवडे जवळजवळ रोज दिसतोय, तर थांबू नका. मित्रांचेही फोन उचलत नाही. चित्रकला, बासरी, क्रिकेट, जे काही जिवाभावाचं होतं ते सुटलं. जेवण एकदम कमी झालं किंवा वाढलं, किंवा काय खाल्लं हे लपवलं जातंय. अंघोळ, कपडे यांकडे दुर्लक्ष. वारंवार पोट किंवा डोकं दुखतं आणि तपासणीत काही सापडत नाही. ‘माझा काही उपयोग नाही’ असं बोलणं. गरमीतही पूर्ण बाह्या. किशोरांमधलं नैराश्य मोठ्यांसारखं दरवेळी रडकं नसतं. ते पुष्कळदा रागाच्या रूपात बाहेर पडतं, आणि राग दिसला की आपण शिस्तीकडे वळतो. इथेच सगळ्यात जास्त चूक होते.

बोलायचं कसं? समोरासमोर बसवून ‘काय झालंय तुला?’ विचारलं की उत्तर ‘काही नाही’ हेच येतं. शेजारी बसून, हाताला काम असताना बोला: भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, चालताना. प्रश्नाऐवजी दिसलेली गोष्ट सांगा: ‘गेले काही दिवस तू गिटारला हात लावला नाहीस, मला जाणवलं.’ मग गप्प राहा. ती शांतता भरायची घाई करू नका. मूल बोललं तर ‘यात काय एवढं’ किंवा ‘आमच्या वेळी’ ही दोन वाक्यं गिळा. आणि समुपदेशक, बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे जायला मूल पूर्ण कोसळेपर्यंत वाट बघू नका. फोनवरून किंवा व्हिडिओवरून होणाऱ्या भेटीनेही मदत होते. फक्त त्या वेळी मुलाला बंद दार आणि एकांत द्या.

९. मुलगी म्हणाली, ‘मी नसते तर बरं झालं असतं.’ लक्ष वेधायला म्हणते का?

तसं धरून चालू नका. आजच, आत्ता, तिच्याजवळ बसा आणि स्पष्ट विचारा: ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही भीती खोटी आहे. उलट कोणीतरी नाव घेऊन विचारलं याने बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर घाबरून ओरडू नका, शपथा घालू नका, घराण्याच्या नावाचं ओझं टाकू नका. ‘बरं झालं सांगितलंस, आता तू एकटी नाहीस’ एवढं पुरे.

मग तिला एकटं सोडू नका. घरातली औषधं, कीटकनाशकं, धारदार वस्तू कुलपात ठेवा. काही ठरवलं आहे का, कधी, कशाने, असं विचारा. उत्तर हो असेल, किंवा तिने स्वतःला इजा केली असेल, तर तातडीच्या सेवेला फोन करा किंवा थेट रुग्णालयात न्या. साथ असली तरी न्या. धोका तत्काळ वाटत नसेल तरी एक-दोन दिवसांत तज्ज्ञाची भेट हवीच. आत्महत्या प्रतिबंधाच्या हेल्पलाइनवर पालकही फोन करू शकतात, तो नंबर आधीच फोनमध्ये साठवून ठेवा.

हे वाचणारा तूच असशील, ज्याच्या मनात हे विचार येताहेत, तर एका मोठ्या माणसाला आज सांग. शब्द सुचत नसतील तर हा प्रश्न त्याला दाखव.

१०. वर्ग संपला की लगेच गेम. गेम काढून टाकू का?

आधी अर्धा तास त्याच्या शेजारी बसून बघा. हेडफोनमध्ये वर्गातलीच मुलं बोलत असतील तर ते त्याचं मैदान आहे. ते एकाएकी बंद केलंत तर त्याचे मित्र बंद होतील. खेळ संपायला किती वेळ लागतो हे त्याला विचारून थांबायची वेळ त्याच्यासोबत ठरवा. अर्ध्यात तार उपटू नका. अनोळखी लोकांशी खेळ, पैसे खर्च होणं, किंवा खेळासाठी झोप आणि जेवण सुटणं, यातलं काही असेल तर मात्र आवर घालायलाच हवा.

११. अभ्यास खूप मागे पडलाय. शाळेनंतर जादा शिकवणी लावू का?

झोप आणि मन ताळ्यावर नसेल तर शिकवणी लावू नका. आधी प्रश्न ५ आणि ८. मूल तसं बरं असेल तर नेमकं कुठे अडलंय ते शोधा. सगळ्या विषयांत मागे आहे असं वाटतं, पण गणितात बहुतेकदा एक-दोन पायऱ्याच निसटलेल्या असतात. त्या पायऱ्यांवर रोज वीस मिनिटं पुरतात.

१२. आमची मुलगी घरीच जास्त खूश आहे. हे चुकीचं आहे का?

चुकीचं नाही, आणि ती एकटीही नाही. काही मुलांना शाळा बंद झाल्यावर श्वास घेता आला. ज्यांना चिडवलं जात होतं, ज्यांना गर्दी झेपत नव्हती, ज्यांना आपल्या गतीने शिकायचं होतं, त्यांची झोप सुधारली आणि अभ्यासही. तिला विचारा: ‘शाळेतलं काय नाही म्हणून बरं वाटतंय?’ उत्तर ‘ती मुलं’ असेल तर शाळेशी बोलून आधी तो छळ थांबवायला हवा. तो थांबवल्याशिवाय परत पाठवणं अन्याय होईल.

छळ नसून फक्त भीती असेल तर गोष्ट उलटी आहे. ज्याची भीती वाटते ते टाळलं की त्या दिवशी बरं वाटतं आणि पुढच्या वेळी भीती वाढलेली असते. म्हणून लहान पावलं: आधी सुट्टीच्या वेळी शाळेच्या फाटकापर्यंत, मग एका मैत्रिणीसोबत एक तासिका, मग अर्धा दिवस. प्रत्येक पाऊल सोपं वाटेपर्यंत पुढचं नको.

१३. (शिक्षकांचा प्रश्न) वर्गातल्या मुलाच्या घरी मृत्यू झालाय. ऑनलाइन वर्गात त्याच्याशी कसं वागू?

मार्च २०२० ते एप्रिल २०२१ या चौदा महिन्यांत जगभरात पंधरा लाखांहून अधिक मुलांनी आई, वडील किंवा घरात सांभाळणारे आजी-आजोबा गमावल्याचा अंदाज आहे. त्यातल्या अनेकांना शेवटचं बघताही आलं नाही. वर्गासमोर सांत्वन करू नका. तो परत यायच्या आधी फोन करा, गेलेल्या माणसाचा उल्लेख त्या नात्याने करा, आणि वर्गाला काय सांगायचं हे त्यालाच विचारा. गृहपाठाची मुदत त्याने मागायच्या आधी पुढे ढकला. दोन-तीन आठवड्यांनी, सगळे विसरल्यावर, पुन्हा फोन करा; तोच त्याला आठवतो.

१४. मला घरीच मारतात. शाळा होती तेव्हा काही तास तरी सुटका व्हायची. आता कोणाला सांगू?

मागे कोणी उभं असेल तर हे पान आत्ता बंद कर, नंतर वाच आणि वाचून झाल्यावर फोनमधली नोंद पुसून टाक. यात तुझी चूक काहीच नाही. ज्यांच्यावर तुझा विश्वास आहे अशा एका शिक्षकाला किंवा नातेवाइकाला सांग. बोलताना ऐकलं जाण्याची भीती असेल तर लिहून कळव, किंवा अभ्यासाची शंका आहे असं म्हणून फोन करायला सांग आणि हो-नाहीत उत्तर देता येतील असे प्रश्न त्यांना विचारू दे. मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. तो नंबर वहीत गणितासारखा लिहून ठेव. आत्ता जिवाला धोका असेल तर घराबाहेर, लोक असतील तिथे जा. साथीच्या नियमांमुळे घर सोडता येणार नाही असं वाटत असेल, तर धोक्यातून बाहेर पडण्याला कोणताही नियम आड येत नाही. पहिल्या माणसाने विश्वास ठेवला नाही तर दुसऱ्याला सांग.

१५. (शिक्षकांचा प्रश्न) एका विद्यार्थ्याने रात्री मेसेज करून काही सांगितलं आणि ‘घरी कळू देऊ नका’ म्हणाला. शब्द देऊ का?

तो शब्द ऐकण्याआधी देऊ नका. ‘तू सांगशील ते मी उगाच कोणाला सांगणार नाही, पण तुझा किंवा कोणाचा जीव धोक्यात असेल तर मला मदत बोलवावी लागेल, आणि ती मी तुला सांगूनच बोलवेन’ असं म्हणा. प्रेमभंग, गुण, मित्राशी भांडण हे तुमच्यापाशी राहू शकतं. जिवाचा धोका, मारहाण किंवा लैंगिक छळ असेल तर शाळेतल्या जबाबदार व्यक्तीला त्याच वेळी कळवा. धोका घरातूनच असेल तर पालकांना परस्पर फोन करू नका. मेसेज पुसू नका. आणि ज्या ठिकाणी तुम्ही अठरा वर्षांखालच्या मुलांशी काम करता तिथला कायदा काय कळवायला सांगतो, हे असा मेसेज येण्याआधीच माहीत करून घ्या.

१६. मुलाला एका जागी बसणं, लक्ष टिकवणं आधीपासूनच जड जातं. ऑनलाइन वर्ग अशक्य झालेत.

ज्यांना लक्ष टिकवण्याची अडचण आहे त्यांना शाळेची घंटा, बाकाची जागा, शिक्षकांचं शेजारून जाणं हे सगळं आधाराला असतं. घरी तो आधार हातांनी उभारावा लागतो: समोर भिंतीवर फक्त आजचं वेळापत्रक, पंधरा मिनिटांचा गजर, उभं राहून ऐकायची मुभा, हातात दाबायला काहीतरी. शाळेकडे रेकॉर्डिंग मागा म्हणजे तुकड्यांत बघता येईल. कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी बोलणं पडद्यावर अक्षरांत दाखवणारी सोय (कॅप्शन) सुरू करा आणि बोलणाऱ्याचा चेहरा उजेडात ठेवायला शिक्षकांना सांगा. उपचार चालू असतील तर शाळा घरून आहे म्हणून औषध स्वतःहून बंद करू नका.

१७. शाळा सुरू होऊन बरेच महिने झाले, तरी मुलगा वर्गात गप्प असतो. आता तर सगळं पूर्ववत झालंय ना?

जगासाठी झालं असेल. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. पण तेराव्या वर्षी घरात गेलेलं मूल पंधराव्या वर्षी बाहेर आलं असेल, तर मधली मैत्री जुळवायची आणि भांडून मिटवायची दोन वर्षं त्याने केलेलीच नाहीत. तो मागे पडलेला नाही, ते शिकायची संधीच त्याला मिळाली नव्हती. त्याला मोठ्या घोळक्यात ढकलू नका. एका समान आवडीचा एक मुलगा शोधा आणि त्या दोघांना काहीतरी करायला द्या: विज्ञानाचा प्रकल्प, सायकल दुरुस्ती, एकत्र सराव. वर्गशिक्षकांना सांगून त्याची जागा त्याच मुलाशेजारी करून घ्या. महिनाभराने मुलाला नव्हे, शिक्षकांना विचारा की मधल्या सुट्टीत तो कुठे उभा असतो.